संगणकाची जुनी पुस्तकं द्यायची कुणाला? ठाणे–नवी मुंबईतल्या रद्दीवाल्यांचा आणि इतरांचा हिशेब

आधी वजन बघू, कारण पुढचं सगळं वजनावर ठरतं. संगणकावरचं हजार पृष्ठांचं पुस्तक म्हणजे पाचशे पानं. पान साधारण १८.५ बाय २३.५ सेंटिमीटरचं आणि कागद ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅमचा धरला, तर नुसता कागद दीड किलो भरतो. जाडी चार-साडेचार सेंटिमीटर. म्हणजे तीन फुटी खणात अशी वीस पुस्तकं मावतात आणि एका खणावर तीस किलो बसतात. पाच खणांचं कपाट असेल तर दीडशे किलो. पार्टिकल बोर्डाच्या फळ्या मधे खचलेल्या दिसतात त्या याच पुस्तकांनी. एवढा माल घरातून बाहेर काढायला ठाणे-नवी मुंबईकरांना चार दारं आहेत: कोपऱ्यावरचं रद्दीचं दुकान, ॲपवर बोलावलेली रद्दीची गाडी, मुंबईत किंग्ज सर्कलचा जुन्या पुस्तकांचा फूटपाथ आणि ग्रंथालय. चारही कामाची आहेत, फक्त प्रत्येकाचा माल वेगळा. सगळंच्या सगळं एकाच दारात नेलं की फसगत ठरलेली.

त्यामुळे निवड आधी, फोन नंतर. आणि निवड करताना छपाईचं साल बघून चालत नाही. मधल्या काळातल्या कित्येक स्वस्त भारतीय आवृत्त्यांवर ‘पुनर्मुद्रण २०१२’ असं ठळक असतं आणि आतला मजकूर १९९९ चा असतो. शीर्षकपानाच्या मागे आवृत्तीचं साल वेगळं दिलेलं असतं, खरं तेच. दुसरी खूण मागच्या मलपृष्ठावर: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, फक्त दहा आकडी असेल, ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी नसेल, तर ते बाड जवळपास नक्की २००७ च्या आधीचं. १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी क्रमांक लागू झाला.

पण साल ही नुसती पहिली चाळण. खरा प्रश्न असा की पुस्तक एखाद्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला बांधलेलं आहे की विषयाला. नावातच आवृत्तीचा आकडा असेल तर ते बहुतेक मेलेलं असतं. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ ला आणि २००८ च्या एप्रिलमध्ये त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मदत संपली. विंडोज एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला गेलं, विंडोज ७ जानेवारी २०२० मध्ये. पायथन २ चा शेवट १ जानेवारी २०२०, फ्लॅशचा ३१ डिसेंबर २०२०. पीएचपीच्या जुन्या पुस्तकांत डेटाबेसशी बोलायला mysql नावाची जी फंक्शनं पानोपानी दिसतात, ती पीएचपी ७ मधून २०१५ लाच काढून टाकली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं पुस्तक व्हॅटवर शिकवत असेल तर ते १ जुलै २०१७ च्या आधीचं. जीएसटी आल्यावर त्यातलं करांचं प्रकरण फारसं उपयोगाचं राहिलं नाही. नेटवर्किंगच्या परीक्षांची गाइडं तर सगळ्यांत लवकर मरतात. सीसीएनए या परीक्षेचा अभ्यासक्रम २४ फेब्रुवारी २०२० ला पूर्ण बदलला. त्याआधीचं गाइड आज परीक्षेला बसणाऱ्याला दिलं तर उपकार न होता अपकारच होईल.

उलट डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिमची तत्त्वं, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, ८०८५–८०८६ मायक्रोप्रोसेसर या विषयांची तीस वर्षं जुनी पुस्तकंही जिवंत असतात. रिलेशनल डेटाबेसचा पाया १९७० चा. नॉर्मलायझेशन तेव्हा होतं तेच आज आहे. युनिक्सचे शेल, रेग्युलर एक्स्प्रेशन, विआय एडिटर तसेच. कोबॉल ही जुनी भाषा आणि मेनफ्रेम हे मोठे संगणक, यांची पुस्तकं बघून हसू येतं, पण घाईनं टाकू नका. बँकांच्या जुन्या प्रणाली अजून त्यावर चालतात आणि ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात त्या सांभाळणारी माणसं सापडतात.

मधल्या जातीचं एक पुस्तक जवळून बघा. सी प्लस प्लस शिकवणारं, आठशे पृष्ठांचं. पहिलाच प्रोग्रॅम उघडला की वर iostream.h, खाली conio.h, मग void main, clrscr आणि शेवटी getch. हे टर्बो सीचं पुस्तक, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याजोगा करणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरचं, कंपायलरचं. भाषेचं पहिलं प्रमाणीकरण १९९८ मध्ये झालं आणि त्यात ते शेपटीवालं iostream.h गेलं. आजच्या कंपायलरवर यातला पहिला प्रोग्रॅमसुद्धा चालणार नाही. पण पॉइंटरचं प्रकरण, लूप, ॲरे, फंक्शन हे सगळं बरोबर आहे. म्हणजे भाषा जिवंत, हत्यार मेलेलं. आपल्याकडच्या कॉलेजांत टर्बो सी फार वर्षं रेंगाळलं, त्यामुळे अशा पुस्तकांना फूटपाथवर अजून कुणीतरी हात लावतो. ही वेगळी चळत करा.

आता रद्दीवाला. पाटीवर बहुधा ‘पेपर मार्ट’ किंवा ‘रद्दी डेपो’ असतं. नौपाडा, चरई, वर्तकनगरच्या गल्ल्यांत चालत जाण्याच्या अंतरावर एखादं सापडतंच. वाशी-नेरूळच्या सेक्टरांत मार्केटच्या मागच्या बाजूला. सेवा म्हणून चौघांत हीच पहिली, आणि कारण अगदी साधं आहे: तो काहीच नाकारत नाही. फाटकं, खुणा केलेलं, मलपृष्ठ गेलेलं, सगळं चालतं. घरी येतो, स्वतः बांधतो, रोख देतो.

भावाबद्दल मात्र नीट समजून घ्या. पेपरचा भाव वेगळा, पुस्तकाचा वेगळा आणि पुस्तकाचा कमी. त्यात लबाडी नाही. पुस्तकाच्या पाठीला गरम करून लावलेला डिंक असतो, तो लगद्यात विरघळत नाही. चिकट कण होऊन गिरणीच्या जाळ्यांत बसतो. मुखपृष्ठावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तोही लगदा होत नाही. शिवाय वर्तमानपत्राची पानं गुंडाळायला सुटी विकली जातात, पुस्तकाची नाही. पुस्तकांची रद्दी गोडाऊनमार्गे कागद गिरण्यांत जाते, आणि तिचा बराच भाग शेवटी पुठ्ठ्याची खोकी होऊन परत येतो. वापीला अशा गिरण्यांची मोठी वसाहत आहे. पाचशे रुपयांना घेतलेलं ओरॅकलचं बाड बिस्किटांच्या खोक्याच्या रूपानं पुन्हा दारात येऊ शकतं.

हिशेब समजा दहा रुपये किलोचा धरला तर दीडशे किलोचे पंधराशे होतात. शंभर पुस्तकांना पाचशेप्रमाणे कधीकाळी पन्नास हजार मोजलेले असतात. ही तुलना मनातल्या मनात करायची आणि सोडून द्यायची. रद्दीवाल्याशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, तो कागद विकत घेतोय.

वाद घालायचाच तर काट्यावरून घाला. गळती तिथे असते. ताणकाट्यावर गठ्ठा टांगला की काटा बारा किलो सातशेवर थांबतो आणि तोंडून ‘बारा’ येतं. दीडशे किलोचे बारा-बारा किलोचे गठ्ठे केले तर बारा-तेरा वजनं होतात. दर वेळी सरासरी अर्धा किलो सुटला तर सहा-साडेसहा किलो नुसते हवेत. म्हणून ग्रॅमसकट आकडे कागदावर लिहा आणि बेरीज शेवटी करा. काटा तपासायला वेगळं वजन लागत नाही: पाण्याची एक लिटरची सीलबंद बाटली एक किलोला वीस-तीस ग्रॅम जास्त भरते, अशा पाच बाटल्या पिशवीत घालून टांगा. पाच किलो शंभर-दीडशेच्या आसपास दिसायला हवं. साडेचार दाखवत असेल तर काटा बदलायला सांगा. घरी विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा असेल तर आणखी बरं; तो पन्नास किलोपर्यंत घेतो आणि समोर दिसला की घासाघीस आपोआप कमी होते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, त्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. शिक्क्याची तारीख वाचली तर कुणी रागावत नाही.

सिडकोच्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून उतरवायचं असेल तर भाव फोनवरच ठरवा, ‘चौथा मजला, लिफ्ट नाही, दीडशे किलो’ असं सांगून. दारात आल्यावर मजल्याचं निमित्त निघतं, आणि एका अर्थी ते खरंही असतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांत उलटा त्रास. लिफ्ट दोन-दोन आहेत, पण सोसायटीनं ठरवलेल्या रद्दीवाल्याशिवाय दुसऱ्याला गेटवर सोडत नाहीत, आणि दुपारी एक ते चार कुणालाच नाही. आधी वॉचमनला विचारा.

ॲपवाल्यांचं काम स्वच्छ वाटतं: वेळ निवडा, इलेक्ट्रॉनिक काटा येतो, पैसे थेट यूपीआयवर. किमान वजनाची अट असते, ती दीडशे किलोला आडवी येत नाही. पण दोन ठिकाणी पाय घसरतो. ॲपवर वर्तमानपत्राचा भाव ठळक असतो आणि पुस्तकांची ओळ खाली कुठेतरी, कधीकधी ‘मिक्स’ या नावाखाली. आलेला मुलगा जाड पुठ्ठ्याची बांधणी त्याहूनही खालच्या भावात टाकतो. बुकिंग करताना पुस्तकांचा भाव दिसतो त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. दुसरं, वेळ. सकाळी नऊ ते बारा म्हटलेली गाडी संध्याकाळी येते, आणि तोवर गठ्ठे जिन्यात ठेवलेले असतात. जिन्यात ठेवूच नका. नोकरीमुळे दिवसा घरी नसणाऱ्यांना रविवारची वेळ मिळत असेल तर ही सेवा ठीक. बाकीच्यांना कोपऱ्यावरचा माणूस परवडतो.

काहीही देण्याआधी दोन गोष्टी प्रत्येक पुस्तकाला कराव्या लागतात, इथे आळस नको. पहिली, पानं झटकणं. पुस्तक पाठीकडून धरून उलटं करा आणि हलवा. पॅन कार्डाची झेरॉक्स, जुना चेक, पगाराची स्लिप, सॉफ्टवेअरची परवाना-की लिहिलेला चिटोरा, काहीही पडतं. पहिल्या पानावर नाव, पत्ता, मोबाइल असेल तर मार्करनं खोडू नका. मागून उजेडात धरलं की वाचता येतं. ते पान फाडा. पुस्तकावर कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ते रद्दीत जाणार नाही, परत जाईल. लाज वाटत असेल तर कुरिअरनं.

दुसरी गोष्ट म्हणजे सीडी. १९९६ ते २००८ या काळातल्या जाड पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून प्लॅस्टिकचं पाकीट चिकटवलेलं असतं. ओढून काढलं तर पुठ्ठ्याचा थरही सोलून येतो. हेअर ड्रायरची गरम हवा वीस-तीस सेकंद द्या, डिंक मऊ होतो आणि पाकीट कडेनं सरळ निघतं. रद्दीत जाणाऱ्या पुस्तकाला एवढे लाड नकोत, कटरनं मागचा पुठ्ठाच कापा. सीडी पॉलिकार्बोनेटची, त्यावर ॲल्युमिनियमचा थर. कागदात गेली तर गिरणीचं नुकसान. फ्लॉपी असतील तर आत कुणाचा तरी बॅकअप असतोच. धातूची सरकपट्टी काढून आतली चकती कात्रीनं कापा. दोन्ही ई-कचऱ्याच्या संकलनात द्या. स्पायरल बाइंडिंगच्या झेरॉक्स असतील तर स्पायरल उपसून काढा, सुटा पांढरा कागद वेगळा ठेवा आणि त्याचा भाव वेगळा विचारा.

कपाट रिकामं करताना वरच्या खणापासून सुरुवात. खालचा आधी काढला तर भिंतीला न ठोकलेलं कपाट पुढे झुकतं, आणि वर तीस किलो असतात. ठाण्यात खाडीची हवा, त्यात पावसाळा. भिंतीकडच्या बाजूला ओल धरलेली असते. मागच्या पट्टीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी, तिथेच थांबा आणि आधी कीटकनियंत्रण करा. नुसती कसर असेल, म्हणजे चंदेरी चपळ किडा आणि कडांना कुरतडल्याच्या खुणा, तर पुस्तक झटकून पुढे जायला हरकत नाही. बुरशीचा वास येणारं पुस्तक चांगल्या चळतीत मिसळू नका. मास्क लावा.

गठ्ठा बांधताना पाठी एकाआड एक उलट्या ठेवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. सगळ्या एकाच बाजूला ठेवल्या तर गठ्ठा त्या बाजूला जाड होऊन घसरतो. दहा-बारा किलोच्या वर जाऊ नका. सुतळी आडवी-उभी. विकायच्या पुस्तकांवर सुतळी कडांना काप पाडते, तेव्हा वर-खाली पुठ्ठा ठेवा. पोत्यात भरली की कोपरे दुमडतात. रद्दीला चालतं, विक्रीला नाही.

विक्री म्हणजे किंग्ज सर्कल. माटुंग्याच्या माहेश्वरी उद्यानाभोवतीच्या फूटपाथवर अभियांत्रिकीची जुनी पुस्तकं घेणारे-विकणारे बसतात. ठाण्याहून मध्य रेल्वेनं माटुंगा आणि पुढे चालत. वाशी-नेरूळहून हार्बरनं वडाळा रोडला गाडी बदलून किंग्ज सर्कल. दीडशे किलो घेऊन जायची ही जागा नाही. वरच्या निवडीतून जिवंत निघालेली पंधरा-वीस पुस्तकं, पाठपिशवी आणि एक हातपिशवी, बस्स. विक्रेता तीन गोष्टी बघतो: लेखक कॉलेजात चालतो का, अभ्यासक्रम कुठला, मुखपृष्ठ शाबूत आहे का. अभ्यासक्रमाची रचना, म्हणजे स्कीम, बदलत जाते: मुंबई विद्यापीठाची २०१६ ची रचना, मग २०१९ ची सी स्कीम. तंत्रनिकेतनांत आय स्कीम, २०२३ पासून के स्कीम. ठरावीक अभ्यासक्रमाला शिवलेलं पुस्तक स्कीमबरोबर पडतं, विषयाचं मूळ जाडं पुस्तक टिकतं. पेन्सिलच्या खुणा चालतात, उत्तरं लिहिलेली चालत नाहीत. छापील किमतीच्या पाव हिश्शाहून जास्त अपेक्षा ठेवू नका. आधी फोनवर फोटो दाखवून विचारलं तर फेरा वाचतो. जुलैत आणि जानेवारीत, सत्र सुरू होताना जा. मे महिन्यात तीच पुस्तकं नकोशी असतात.

यामुळे वेळापत्रक जरा तिरकं होतं. रद्दी कोरड्या दिवसांत द्यावी, फेब्रुवारी ते मे. पावसात कागद ओल धरतो आणि रद्दीवाला ‘ओला है’ म्हणत वजन कापतो. दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत तर तो फोनच उचलत नाही. म्हणजे मेलेली पुस्तकं उन्हाळ्यात काढा, जिवंत वीस एका खोक्यात जुलैपर्यंत थांबवा. खोकं आडवं ठेवा, उभं नको. तळाची चिकटपट्टी अधिक चिन्हासारखी लावा, नाहीतर उचलताना तळ सुटतो.

चौथं दार ग्रंथालयाचं, आणि इथे लोक सगळ्यांत जास्त चुकतात. ‘दान करू’ म्हणून विंडोज ९८ ची गाइडं पोतं भरून नेऊन ठेवतात. दान आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवावं लागतं, क्रमांक द्यावा लागतो, आणि पुढे काढून टाकायचं तर निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया करावी लागते. म्हणजे आपली रद्दी आपण दुसऱ्याच्या दप्तरात नोंदवतो. यादी करा: नाव, लेखक, आवृत्ती, साल. ती आधी पाठवा, होकार आला तेवढीच पुस्तकं न्या. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

एका प्रकाराला मात्र ग्रंथालयातच आधी विचारावं: नव्वदच्या दशकातली संगणकावरची मराठी पुस्तकं. डॉस, वर्डस्टार, लोटस ही जुनी सॉफ्टवेअरं मराठीतून समजावणारी पातळ पुस्तकं, युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची एकच संकेतपद्धत, रुळण्याआधीच्या मराठी फाँटांची आणि कीबोर्डांच्या मांडणीची माहितीपत्रकं, भारतीय लिप्यांच्या संकेतांसाठीच्या १९९१ च्या इस्की प्रमाणावरची टिपणं. तांत्रिक उपयोग शून्य. पण ‘फाइल’ला काय म्हणायचं, ‘सेव्ह’ला काय, यावर मराठी लेखकांनी केलेली धडपड त्यांत छापलेली आहे, आणि ती इंटरनेटवर सहसा सापडत नाही. इंग्रजी गाइडाच्या हजारो प्रती जगात असतात, यांच्या मोजक्या. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं. अशा पुस्तकांची यादी घेऊन पहिला फोन तिथे करायला हरकत नाही. एमएस-सीआयटीचं पाठ्यपुस्तक यात धरू नका, ते घरोघरी आहे.

गुणच द्यायचे तर रद्दीवाल्याला पाचापैकी चार. एक गुण काट्याचा कापला. ॲपला तीन. फूटपाथला साडेतीन, पण वीस पुस्तकांपुरते. ग्रंथालयाला गुण देण्यात अर्थ नाही, तिथे परीक्षा आपली असते.

कपाट रिकामं झाल्यावर खचलेली फळी पालथी करून बसवा. १८ मिलिमीटरची पार्टिकल बोर्डाची फळी तीन फुटांच्या गाळ्यात पुन्हा वाकेलच, तेव्हा मधोमध मागून एक टेकू ठोका. आणि व्हिडिओ कॉलमध्ये मागं दिसायला काहीतरी हवं म्हणून एखादा खण तसाच ठेवायचा असेल, तर निदान ‘२१ दिवसांत फ्लॅश’ असल्या पाठी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच्या खणात सरकवा.